तयार कपड्यांचा ढीग

भूकंपानंतर मास्तर छावणीत आले तेव्हा त्यांच्याजवळ तीन गोष्टी होत्या. बायको, शिलाई मशीन आणि खिशातलं एक बटण. बायको सगळ्यांना दिसत होती, मशीन तर दहा तंबूंपर्यंत ऐकू जात होतं. बटणाचा मात्र त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, बायकोलासुद्धा नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हो, कपडे शिवणारे. पण चाळीस वर्षं अख्ख्या गावाच्या अंगाला टेप लावल्यावर माणसाला मास्तर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? कुणाचा उजवा खांदा उतरता, कुणाचं पोट दरवर्षी बोटभर पुढं सरकतं, कुणाला पँटच्या आत चोरखिसा लागतो आणि तो बायकोला का सांगायचा नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. मापांची वही त्यांनी कधी ठेवली नाही. ठेवली असती तर तीही गेलीच असती म्हणा.

मशीन ढिगाऱ्यातून निघालं ते चौथ्या दिवशी. चाकाला थोडा बाक आला होता, बाकी ठणठणीत. खालच्या खणात बटणांचा पत्र्याचा डबासुद्धा शाबूत. मास्तरांनी ते तंबूच्या तोंडाशी फळांच्या खोक्यावर मांडलं आणि दुसऱ्याच दिवशी समोर ही रांग! कशाची, तर तंबूच्या चेनींची. कुठून कुठून तंबू आले होते, नवेकोरे, पण चेनी अशा की दोनदा ओढल्या की तिसऱ्यांदा दात विचकून बसायच्या. शेजारच्या तंबूतला बेकरीवाला म्हणायचा, "मास्तर, घर पडलं ते पडलं, आता दारानंही सूड उगवावा का? काल तासभर आत अडकलो. बायको बाहेरून म्हणते, राहू दे, बरं झालं."

लोक हसायचे. छावणीत हसायला जे मिळेल ते पुरवून पुरवून वापरायचे. एरवी दिवसभर दोनच कामं, रांगेत उभं राहायचं आणि कुणीतरी मध्ये घुसलं म्हणून भांडायचं. सकाळी टँकरची रांग, मग संडासाची, मग जेवणाची, मग औषधाची. भिंती कापडाच्या, त्यामुळं एका तंबूत उचकी लागली की तिसऱ्या तंबूतून पाणी पी म्हणून ओरड व्हायची. सगळं बोलायचे लोक. पाण्याबद्दल, चिखलाबद्दल, सरकारबद्दल. फक्त गेलेल्या माणसांचा विषय निघाला की एखाद्याला अचानक कॅन भरायची आठवण व्हायची.

मास्तरांचा मुलगा चोवीस वर्षांचा. त्याचं काय झालं, हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं.

म्हणजे मास्तरांच्या बायकोला, काकूंना विचाराल तर त्यांना ठाऊक होतं. भूकंप झाला सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी. मुलगा निघाला होता सहाच्या गाडीनं, दुसऱ्या शहरात नव्या कामावर. सहाची गाडी सहालाच सुटली, हे बेकरीवाल्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, रोज पहाटे तो तिच्या टपावर पाव चढवायचा. मग झालं तर. मुलगा गाडीत होता, गाडी गेली, मुलगा सुखरूप. फोन लागत नाही? फोन हरवला असेल. निरोप नाही? बापावर राग आहे, दुसरं काय. छावणीच्या कार्यालयातली बाई बेपत्ता माणसांची नावं लिहायला आली तेव्हा काकूंनी तिला दारातूनच परत पाठवलं. "माझा मुलगा गेलाय, हरवला नाही," त्या म्हणाल्या. "हरवलेल्यांची वही दुसरीकडं न्या."

आणि मास्तर? मास्तर मनातल्या मनात रोज हात जोडायचे, की देवा, पोरगा रागावलेलाच असू दे. जन्मभर तोंड बघू नको म्हणावं माझं. पण रागवायला असू दे.

राग यावा असं घडलंही होतं. मुलानं काम धरलं होतं ते तयार कपड्यांच्या कारखान्यात. आता तयार कपडे म्हणजे मास्तरांचा जन्माचा वैरी. निम्मं गिऱ्हाईक त्या कपड्यांनी पळवलेलं. त्यांच्या शिलाईला ते पिचकी म्हणायचे, बटणाला म्हणायचे थुंकीनं चिकटवलेलं. मुलगा पंधराव्या वर्षापासून तेच घालायचा, मुद्दाम. डावखुरा होता तो. सात वर्षांचा असताना मास्तरांनी त्याच्या डाव्या हातावर फूटपट्टी मारून उजव्या हातात कात्री दिली होती. दुकानातली एकही कात्री त्याच्या हाताला बसायची नाही. काकू म्हणायच्या, "अहो, राहू द्या ना, डाव्यानं काय आभाळ पडतं?" मास्तर ऐकतात कसले! पोरानं शेवटी कात्री ठेवून दिली ती दिलीच.

आदल्या संध्याकाळी तो निळ्या चौकड्याचा शर्ट घालून दुकानात आला आणि म्हणाला, "उद्या जातो." कोणता कारखाना, कुठं राहणार, मास्तरांनी विचारलं नाही. शब्दाला शब्द लागला. मुलगा म्हणाला, "तुमच्या दुकानात माझ्या हाताला जागाच नव्हती." खरं बोललेलं माणसाला फार झोंबतं. मास्तरांनी उठून त्याची कॉलर धरली. "जा! पण माझा एक दोरासुद्धा नेऊ नकोस इथून!" मुलगा मागं सरला, आणि शर्टचं वरून दुसरं बटण मास्तरांच्या मुठीत राहिलं.

सकाळी साडेपाचलाच ते घराबाहेर पडले, त्याला जाताना बघायला नको म्हणून. त्यामुळंच वाचले. काकू पाण्याची घागर घेऊन नळावर होत्या, त्या तशा वाचल्या. वर घर, खाली दुकान, दोन्ही बसलं. आणि मास्तरांच्या खिशात ते बटण राहून गेलं.

पंधराएक दिवसांनी कार्यालयातली ती बाई पुन्हा आली. सगळे तिला वहीवाली म्हणायचे. तिशीची असेल, कायम झोप न झालेला चेहरा. या खेपेला ती मास्तरांकडं आली होती. ओळख न पटता पुरलेल्या माणसांच्या कपड्यांचे तुकडे कार्यालयानं जपून ठेवले होते. प्रत्येक तुकडा धुऊन पिशवीत, पिशवीवर नंबर, नंबराच्या खाली सापडल्याची जागा. "तुमची शिलाई तुम्ही ओळखाल ना?" तिनं विचारलं.

"आई आपलं पोर ओळखते का, असं विचारताय," मास्तर म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांनाच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी तासभर ते कपड्यांच्या तंबूत जाऊ लागले. लांब टेबल, टेबलावर पिशव्या. ते पिशवी उघडायचे, तुकड्यावरून अंगठा फिरवायचे. "हा कोट दूधवाल्याचा. पोटाला दोनदा सैल केलाय, ही बघा जुन्या टाक्यांची भोकं." "हा फ्रॉक माझाच. शाळेसमोरच्या घरातली धाकटी. खालची पट्टी मोठी ठेवली होती, पोरगी भराभर वाढत होती." वहीवाली लिहून घ्यायची. प्रत्येक तुकड्याला तिचा एकच प्रश्न असायचा, "मास्तर, शिलाई तुमची?" आणि मास्तर म्हणायचे, "माझी," किंवा म्हणायचे, "माझी नाही."

एक मात्र पहिल्याच दिवशी झालं. कारखान्यातल्या कपड्यांच्या पिशव्या हाताला लागल्या तशा मास्तरांनी त्या न उघडताच बाजूला सारल्या. "हा तयार माल. यातलं मला काय कळणार? कारखान्यात एकासारखे एक हजार निघतात." वहीवालीला ते पटलं. टेबलाच्या टोकाला तयार कपड्यांचा वेगळा ढीग झाला आणि रोज वाढत गेला. चाळीस वर्षांची खोड, तयार माल दिसला की मास्तरांचा हातच आखडायचा. पण खरं सांगायचं तर, नुसती खोड नव्हती ती. भीती होती. त्या ढिगाकडं पाठ करून बसायचे ते.

महिनाभरात एकेचाळीस माणसांना त्यांनी नावं मिळवून दिली. लोक येऊन हात धरायचे, रडायचे, चहा आणून द्यायचे. आणि तेच लोक मास्तर सकाळी ओळीतून चालत निघाले की आपापल्या तंबूत शिरायचे. ज्या घरातलं कुणी अजून सापडलं नव्हतं, तिथल्या बायका तर त्यांची चाहूल लागताच चेन ओढून घ्यायच्या. मास्तरांना त्याचं वाईट वाटायचं नाही. आपल्या दाराशी कुणी असं येऊन उभं राहिलं, तर आपणही तेच केलं असतं, हे ते ओळखून होते.

भूकंपाच्या त्रेचाळिसाव्या दिवशी टेबल रिकामं झालं. टोकाचा ढीग तेवढा राहिला.

वहीवालीनं पेन खाली ठेवलं. "मास्तर, एक विचारू? तयार कपडे लोक तुमच्याकडं दुरुस्तीला आणायचे ना? बाही आखूड कर, चेन बदल?"

"आणायचे की. शिव्या खायचे आणि शिवून न्यायचे."

"मग एकदा हेही बघता का?"

नाही म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं होतं. पण एकेचाळीस घरांना बघायला लावलं आणि स्वतः तेवढं पाठ फिरवून बसले, ही गोष्ट त्या क्षणी त्यांना फार टोचली. त्यांनी खुर्ची फिरवली.

पहिल्या दहा पिशव्यांत काही नव्हतं. अकराव्या पिशवीतल्या पँटला त्यांनी खालून टीप मारलेली निघाली. पोस्टातला शिपाई. त्याच्या पुढच्या दोन पिशव्यांत पुन्हा काही नाही. चौदावी पिशवी उघडली, तर आत निळा चौकडा.

निळे चौकडे काय, गावात पन्नास जणांकडं असतील, मास्तरांनी स्वतःला समजावलं. शर्टचा पुढचा अर्धा भाग होता, कॉलरसकट. त्यांनी बटणं मोजली नाहीत, बोट आपसूक वरून दुसऱ्या बटणावर गेलं. तिथं बटण होतं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या पोराच्या शर्टला तिथं बटण नव्हतं, ते तर इथं खिशात आहे. म्हणजे हा शर्ट दुसऱ्या कुणाचा. कुणाच्या तरी दुसऱ्याच्या पोराचा, आणि देवानं क्षमा करावी, पण मास्तरांना त्या क्षणी बरं वाटलं.

मग त्यांच्या अंगठ्याला कळलं की बाकीची बटणं पांढरी, पातळ आहेत आणि हे जरा जाड आहे, पिवळसर. डब्यातलं. बटणाच्या चार भोकांतून फुली घातलेली. बटणाखाली दोऱ्याची मान उभी केलेली, तीन वेढे. गाठ कुठंच दिसत नव्हती, कापडाच्या दोन पदरांत लपवलेली. दोरा मेणावरून ओढलेला. मास्तरांच्या दुकानाबाहेर अख्ख्या पंचक्रोशीत असं बटण कुणी लावत नव्हतं.

आपल्याच दुकानात लावलंय की काय हे? कधी लावलं? त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तुकडा उजेडाला धरला. वेढे मोजले. तीनच होते. पण उलटे होते. उजव्या हातानं दोरा गुंडाळला की तो एका बाजूनं फिरतो. हा दुसऱ्या बाजूनं फिरला होता. तिन्ही वेळा.

पिशवीवर जागा लिहिली होती. गाडीतळाचा निवारा. म्हणजे सहाची गाडी सहालाच सुटली होती, बेकरीवाला खोटं बोलत नव्हता. पोरगं तिच्या मागं राहिलं होतं, पुढच्या गाडीची वाट बघत. बटण लावायला किती वेळ लागतो? नीट लावायचं म्हटलं तर पाच मिनिटं.

वहीवाली पेन उचलून थांबली होती. रोजचा प्रश्न तिनं रोजच्यासारखाच विचारला. "मास्तर, शिलाई तुमची?"

"नाही," मास्तर म्हणाले. "माझ्या मुलाची."

कपड्यांच्या तंबूपासून घरच्या तंबूपर्यंत दोनशे पावलं असतील. तेवढ्या अंतरात मास्तर दोनदा खाली बसले. पिशवी पोटाशी धरलेली. लोकांनी पाहिलं आणि या खेपेला कुणी आत शिरलं नाही. सगळ्यांना कळलं की ते आपल्याकडं नाही, स्वतःच्याच दाराकडं चाललेत.

काकू मशीनजवळ बसून कुणाच्या तरी दप्तराच्या पट्ट्याला टाके घालत होत्या. जन्मभर दुकानातली काजं-बटणं आणि तुरपाई त्यांच्याकडंच होती. त्यांनी पिशवीकडं पाहिलं. "हे तर तयार कापड दिसतंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही हात लावत नाही ना त्याला?"

"बटण बघ," मास्तर म्हणाले.

काकूंनी पाहिलं नाही. नुसतं बोट ठेवलं. बटणावर, मग दोऱ्याच्या मानेवर, मग मागून गाठ जिथं असायला हवी तिथं. बोट तिथंच राहिलं. बेकरीवाला बाहेर घोंगडी झटकत होता, तो झटकायचा थांबला.

"अगं, मी त्याची कॉलर धरली होती," मास्तर म्हणाले. बेचाळीस दिवस दाबून ठेवलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. "आदल्या दिवशी. बटण माझ्या हातात आलं. हे बघ, हे. तुला सांगितलं नाही मी. ते मी तोडलं नसतं तर त्याला लावत बसावं लागलं नसतं. गाडी चुकली नसती त्याची. मी मारलं गं माझ्या पोराला."

"मला माहीत आहे तुम्ही कॉलर धरलीत ते," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी मान वर केली. "तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच सांगितलं. तुम्ही सकाळी तणतणत निघून गेलात ना, तेव्हा हा खणातला डबा उपसत बसला होता. मी म्हटलं, अरे वेड्या, दुसरा शर्ट घाल, गाडी चुकेल. तर म्हणतो, हाच घालणार. म्हटलं, मग तसाच जा, कोण बघतंय? तर म्हणाला..." काकूंनी मांडीवरचा दप्तराचा पट्टा बाजूला ठेवला आणि वाक्य पुरं केलं. "म्हणाला, शिंप्याचा पोरगा आहे मी. पहिल्याच दिवशी तुटक्या बटणानं गेलो तर बाबांना नावं ठेवतील."

मास्तरांनी तोंडावर हात धरला.

"आणि दारातून मागं फिरून म्हणाला, आई, बाबांना सांग, एक बटण आणि हातभर दोरा घेतलाय. न विचारता घेतलाय, तर पुन्हा ओरडू नका म्हणावं."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"दुकान उघडलं की सांगणार होते," काकू म्हणाल्या. "दुकान उघडलंच नाही. आणि नंतर म्हटलं, त्याचा निरोप आहे, आला की तोच सांगेल. मी सांगून मोकळी झाले असते, तर मग तो कशाला यायचा?"

इतकं बोलून त्यांनी शर्टचा तुकडा तोंडाशी धरला आणि त्या रडल्या. बेचाळीस दिवसांत पहिल्यांदा रडल्या, आणि छावणीत कुणाची उचकी लपत नव्हती तिथं हे काय लपणार? टँकरच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. रांगेतलं भांडण थांबलं.

मास्तर खोक्याजवळ खाली बसले. त्यांनी खिशातलं पांढरं बटण डब्यात टाकलं. मग डबाच उचलला आणि काकूंच्या मांडीवरच्या त्या निळ्या चौकड्याजवळ नेऊन ठेवला. समोर पोरगं उभं असावं तसे ते मोठ्यानं बोलले.

"अरे, एका बटणासाठी कोण ओरडतंय रे तुला? अख्खा डबा घ्यायचा होतास."

बेकरीवाल्यानं घोंगडी खाली ठेवली, वाकून त्यांच्या तंबूची चेन धरली आणि बाहेरून बंद करून घेतली. मग तो तिथंच दारात पाठ करून उभा राहिला आणि चेनी घेऊन आलेल्या लोकांना हातानंच परत पाठवत राहिला.